रखमामावशीचे डोळे

आकांक्षाच्या चित्रातल्या रखमामावशीला कुणीतरी म्हशीचे डोळे लावले होते. त्याच्याखाली दुसऱ्याने नटीचे लावले, तिसऱ्याने घुबडाचे. ‘रेषांचा कट्टा’ या चित्रकारांच्या ग्रुपवर सकाळपासून हाच खेळ रंगला होता. खेळाला नावही होतं, ‘आंधळ्यांना दृष्टी द्या’. सुरुवात विनीतने केली होती. ग्रुपवर त्याच्या शब्दाला फार वजन. पोरीला डोळे जमत नाहीत, म्हणून कोरे ठेवून स्टाईल मारते, असं त्याने लिहिलं आणि बाकीच्यांना तेवढंच हवं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. काहींनी तर तिला एकटीला गाठून असं काही लिहिलं, की वाचल्यावर तिने मोबाईल पालथा ठेवला.

एका वाक्यात तिला उत्तर देता आलं असतं. ते तिला लिहायचं नव्हतं.

तिचे बाबा, धोंडू परब, लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करत. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माती कुणीही मळावी, रंग कुणीही द्यावा, पण डोळ्यांना हात लावायचा तो आखणीवाल्यानेच. तो येईपर्यंत मूर्ती तशीच थांबते. बाबा आंघोळ करून यायचे, मूर्तीसमोर बसायचे, आणि एवढा गजबजलेला कारखाना गप्प व्हायचा. लहानपणी आकांक्षा त्यांच्या मागे उभी राहून श्वास रोखून बघायची. तो क्षण तिला अजून हवा होता. त्याच्याइतकं दुसरं काही तिला हवंसं वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी बाबांची उजवी बाजू गेली. पाय सावरला, हात लुळाच राहिला. कारखान्याने दुसरा माणूस बघितला. त्यांचाही इलाज नव्हता, गणपती काही कुणासाठी थांबत नाहीत. आकांक्षा मात्र थांबली. काळाचौकीच्या त्या खोलीत बसून तिने चाळीतली माणसं रंगवली, बाजारात सुकट विकणारी रखमामावशी रंगवली, आणि सगळ्यांचे डोळे बाबांसाठी कोरे ठेवले. हात आला की सगळ्यांना एकदम डोळे काढीन, असं बाबा म्हणायचे. शेजारच्या सुभद्राने त्यांना एक पिवळा रबरी चेंडू आणून दिला होता. तिचं मनगट मोडलं तेव्हा ती तोच दाबायची. घाई नाही, हात आला की परत करा, असं तिने बजावलं होतं. बाबा दिवसभर तो चेंडू मुठीत धरून खिडकीशी बसत. बोटं हलायची नाहीत. तरी आकांक्षा रोज विचारायची आणि ते रोज म्हणायचे, आज जरा बरं वाटतंय.

म्हणूनच ‘बाबांचा हात गेलाय’ हे एक वाक्य तिला लिहायचं नव्हतं. लिहिलं की ते खरं झालं असतं.

घोटाळा केला तो समोरच्या खोलीतल्या स्वप्नीलने. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. आपली रखमामावशी व्हायरल झाली म्हणून तो हसत हसत आत आला आणि मोबाईल थेट बाबांपुढे धरला. बाबांनी म्हशीचे डोळे बघितले, नटीचे बघितले. मग खाली काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. स्वप्नील वाचता वाचता अडखळायला लागला आणि कोपऱ्यात बसलेल्या आकांक्षाचा चेहरा बघून त्याने तिथून काढता पाय घेतला.

बाबांनी भिंतीवरची रखमामावशी खाली काढायला लावली.

“आंघोळ करून ये,” ते म्हणाले. “आणि माझो कुंचलो घे.”

आकांक्षा जागची हलली नाही. “तुम्ही काढणार होतात ना, बाबा?”

“ह्यो हात आता येवचो नाय गो. माझ्यापायी तिका आंधळी ठेवू नको.”

ती रडली. रडून झाल्यावर आंघोळ करून आली. बाबांचा बारीक कुंचला तिने पहिल्यांदाच हातात घेतला. आधी डावा डोळा, मग उजवा. बाबांनी बसल्या जागेवरून सांगितलं ते एवढंच, की घाई करू नको. शेवटचा काळा ठिपका पडला आणि रखमामावशी तिच्याकडे रोखून बघायला लागली, सुकटीचा भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते तशी. आकांक्षाला हसू आलं. मागे वळून बघितलं तर बाबा श्वास रोखून बसले होते.

चित्र तिने ग्रुपवर टाकलं. थोड्याच वेळात कौतुकाचा पाऊस पडला. म्हशीचे डोळे लावणाऱ्यानेही हात जोडले. विनीतने लिहिलं, बघा, कान पिळल्याशिवाय माणूस शिकत नाही, शेवटी जमलं पोरीला. अशा कौतुकासाठी ती वर्षभर झुरली होती. आता ती ते वाचत होती आणि तिला काहीच वाटत नव्हतं.

लोक काय म्हणतात, बाबांनी विचारलं.

आवडलं म्हणतात, तिने सांगितलं.

बाबांनी मान हलवली. डाव्या हाताने त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली.

“तो चेंडू सुभद्राक परत देऊन ये.”