स्वतःहून सोडली

"मिस्टर देवस्थळींनी नोकरी स्वतःहून सोडली का?" स्पीकरफोनमधून अधिकाऱ्याने विचारलं.

"हो," रुपाली म्हणाली.

पाचच मिनिटांपूर्वी तिने खरं बोलण्याची शपथ घेतली होती. टेबलापलीकडे बसलेल्या मालकाने समाधानाने मान हलवली.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती एचआर सांभाळायची. पुरुषोत्तम देवस्थळी अकरा वर्षं अकाउंट्स बघायचे. खर्च कमी करायचा म्हणून मालकाने एप्रिलमध्ये त्यांना काढलं. काढलेल्या माणसाला सरकारकडून बेकारी भत्ता मिळतो, स्वतःहून सोडणाऱ्याला सहसा मिळत नाही. शिवाय भत्ता मंजूर झाला की कंपनीचा टॅक्स वाढतो. सरकारचा फॉर्म आला तेव्हा मालक म्हणाला, "लिही, त्याने स्वतःच सोडली." रुपालीने लिहिलं. तिच्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनचे कागद त्याच्याच सहीसाठी अडले होते. भत्ता नामंजूर झाला. देवस्थळींनी अपील केलं, आणि आज त्याची फोनवर सुनावणी होती. मला काढलं, असं त्यांचं सांगून झालं होतं. आता तिचा शब्द त्यांच्या शब्दाविरुद्ध होता.

ती त्यांना काका म्हणायची. याच ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये त्यांनी तिला गाडी शिकवली होती. टेस्टमध्ये ती दोनदा फेल झाली, तर तिसऱ्या वेळी ते रजा टाकून सोबत आले. आता साठी ओलांडलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देणार? फॉर्म पाठवल्यापासून तिने त्यांना एकदाही फोन केला नव्हता. मागच्या रविवारी इंडियन ग्रोसरीत ते लांबून दिसले, तर ती भरलेली कार्ट तशीच टाकून बाहेर पडली.

"मिस्टर देवस्थळी, तुम्हाला काढल्याचा काही लेखी पुरावा आहे?"

पुरावा होता. तोंडी सांग, कागद देऊ नकोस, असं मालकाने त्यांना काढायच्या दिवशी रुपालीला बजावलं होतं. पण काकांच्या समोर उभी राहिल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी तिने लेटरहेडवर त्यांना काढल्याच्या दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. मालकाला हे अजूनही माहीत नव्हतं. काकांनी तो कागद अपिलाला का जोडला नाही, हे तिला कळत नव्हतं.

फोनमधून कागद उलगडल्याचा आवाज आला. त्यांनी तो वाचावा, असं तिला वाटलं. वाचू नये, असंही वाटलं.

"रुपाली," काका मराठीत म्हणाले, "तुझं एक्स्टेन्शन झालं का गं?"

"नाही काका. अजून नाही."

"इंग्लिशमध्ये बोला, प्लीज," अधिकारी म्हणाला. "पुरावा आहे का?"

कागदाची पुन्हा घडी घातल्याचा आवाज आला.

"नाही सर," काका म्हणाले. "माझ्याकडे काही नाही."

मालक खुर्चीत रेलून बसला. सुनावणी संपवण्याआधी कुणाला काही सांगायचंय का, असं अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे विचारलं. मालकाने रुपालीकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि फोन बंद करायला हात पुढे केला. रुपालीने फोन स्वतःकडे ओढून घेतला.

"सर, त्यांच्या हातात एक कागद आहे. तो त्यांना वाचायला सांगा. खाली सही माझी आहे."