जीनाचं गाणं

२००४ सालची गोष्ट. कॅथरिनचा मुलगा मर्विन आगाशी गावातल्या घरीच कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करायचा. रेकॉर्डिंगचा नवा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घेतला तर मुंबईची कामं मिळणार होती, पण जुनी गाणी त्यात उघडणार नव्हती.

"आणि आपल्या जीनाचं?" कॅथरिनने विचारलं. लेक जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"तेवढं नव्यात आणतो, आय."

"मग घे बाबा."

जुनं सगळं पुसून झाल्यावर त्याने गाणं ऐकवलं. कॅथरिन शेवटपर्यंत कान देऊन बसली.

"मधेच ती ओरडते ना, 'आय, तो कुकर बंद कर!'"

"तो कचरा काढला गं. एकदम साफ केलंय."

पुढे मर्विनचं कॅनडात बस्तान बसलं. जीनाचं गाणं चर्चमध्ये अजून लावतात. कॅथरिन मात्र होती तोवर, कितीही शिट्ट्या झाल्या तरी गॅस लगेच बंद करत नसे.