आडवी

वादळाने एका रात्रीत आमची परसबाग झोपवली. टोमॅटोची रोपं आडवी, झेंडू आडवा, काकडीचा वेल तर मांडवासकट आडवा.

"सगळं आडवं झालंय, आता बास," बाबा म्हणाले. "फरशी घालून टाकू. गाडी तरी लावता येईल."

आई आडवा झेंडू हाताने सावरून बघत होती. मी कसली गप्प बसतेय!

"आडवं झालंय, मेलं नाहीये! टोमॅटोचं खोड आडवंच मातीत पुरलं ना बाबा, की त्याला अंगभर मुळं फुटतात. उलट जास्त दणकट होतं."

"बरं, प्राध्यापिकाबाई. फरशीवाला उद्या सकाळी येतोय."

तो आला तेव्हा मी शाळेच्या गणवेशात, भर चिखलात, टोमॅटोच्या शेजारी ऐसपैस पसरले होते.

"ऊठ! काय तमाशा लावलायस?" बाबा ओरडले.

"तमाशा नाही, आडवी आलेय. घाला आता फरशी."

फरशीवाला हसू दाबत आभाळाकडे बघू लागला. बाबा आईवर उखडले, "बघ, बघ तुझी लेक!"

ऑफिसला निघालेल्या आईने पर्स पायरीवर ठेवली, चपला काढल्या आणि ती इस्त्रीच्या कपड्यांनिशी वाफ्यात उतरली.

"सरक गं जरा."