चव

पाहुणे डोमाला भेटून, जेवून गेले. गंजात मटणाचे थोडे मऊ तुकडे उरले होते. नागभीडच्या उन्हात ते सांजेपर्यंत टिकले नसते. थकलेल्या कुंताने पुन्हा चूल पेटवली आणि तुकडे कुस्करून भातात शिजवले. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन डोमाच्या तोंडाचं पार वाटोळं झालं होतं, म्हणून तिने तिखट टाकलं नाही.

"कैरी टाक. तिखट बी टाक," डोमा म्हणाला.

"झोंबन ना तुमाले."

"झोंबू दे."

तिने टाकलं. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण घास तोंडातच राहिला.

"गिळा ना आता."

"थांब. चव घेऊन राह्यलो."

कुंता भिंतीला टेकून बसून राहिली. परवा नागपूरला डॉक्टर त्याची जीभ काढणार होते.