जेरेसर चिडवत नाहीत तेव्हा

जेरेसर न्गोनी, मी बेंबा. आमच्या झांबियात या दोन जमातींनी एकमेकांची टर उडवायची रीतच आहे, अगदी मयताच्या घरीसुद्धा. त्यामुळे विद्यापीठात आल्यापासून सर मला "माकडखाऊ" म्हणतात आणि मी त्यांना "उंदीरखाऊ".

आज मात्र ते म्हणाले, "बसा, कसोंडेबाई."

इतक्या आदराने बोलले म्हणजे बातमी वाईटच. "काय झालं, सर? सरळ सांगा."

"तुम्ही संख्याशास्त्र दोनदा घेतलंय. एकदा अर्थशास्त्र विभागात, एकदा समाजशास्त्रात. अभ्यासक्रम बराचसा तोच. नियमाप्रमाणे क्रेडिट एकाचंच मिळतं."

"म्हणजे पदवी अडली? आईने समारंभासाठी झगासुद्धा शिवून ठेवलाय हो!"

"नियम मला वाकवता येत नाही." सर चष्मा पुसत बसले. "समारंभाआधीच्या सुट्टीत एक विषय घेता येईल. तुम्हाला आधीपासून येतंय असं त्यात काहीच नाही, तेव्हा क्रेडिट नक्की मिळेल."

"कुठला?"

"न्गोनी लोकांचे रीतिरिवाज."

"शिकवणार कोण?"

"मी." चष्मा नाकावर चढला. "आणि पहिल्या तासाला हात स्वच्छ धुऊन ये, माकडखाऊ. उंदीर भाजायचेत."

बाहेर येऊन मी आधी आईला फोन लावला. रडत रडतच सांगितलं, "आई, झग्याला इस्त्री कर. सरांनी मला माकडखाऊ म्हटलं!"