टाकीशेजारचं दार

लाइट गेली आणि माशांच्या टाकीतले बुडबुडे थांबले. नमिता भाकरीचं पीठ मळायचं सोडून उठली. हात खळखळून धुतले आणि प्लास्टिकचा मग घेऊन टाकीपुढे बसली. मगभर पाणी काढायचं, वरून धार सोडायची. पुन्हा काढायचं, पुन्हा सोडायचं. हवेच्या पंपाची बॅटरी दुरुस्तीला गेली होती. लाइट येईपर्यंत हेच करायचं, असं सुजयने बजावून ठेवलं होतं.

टाकीत एकच मासा होता; बाकीचे परसातल्या हौदात, तोंड भरलेली मादी तेवढी इथे वेगळी ठेवायची. आफ्रिकन सिक्लिडची पिवळी मादी, बोटाएवढी. ही जात अंडी तोंडातच सांभाळते. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत मादी काही खात नाही. हिचा गळा फुगला होता आणि पोट पाठीला लागलं होतं. पाण्यातली हवा कमी पडली, तर घाबरून ती पिल्लं टाकून देते, नाहीतर गिळते.

"एवढी पिल्लं बाहेर आली, की जा माहेरी," असं सुजय दर वेळी म्हणायचा. रोह्याला कंपनीत त्याची शिफ्ट असायची, आणि घरी तो मासे वाढवून विकायचा. पण एका मादीचं तोंड रिकामं झालं, की दुसरीचं भरलेलं असायचं. जित्याला माहेरी जाऊन आजारी वडिलांना, आबांना, बघायचं नमिताचं दिवाळीपासून राहिलं होतं.

जवळपास कुठे जायचीही सोय नव्हती. शेजारच्या ऋतुजाशी दारात उभं राहून बोललं, तरी घरी आल्यावर सुजय विचारायचा, "काय एवढं चाललं होतं तिच्याशी?" ओरडायचा नाही. हसून विचारायचा. पुढच्या खोलीत त्याने एक कॅमेरा लावला होता, पण तो माशांसाठी. मोबाइलवर त्याने तिला दाखवलंही होतं, पडदाभर मासाच. म्हणजे त्याला सांगणारं घरात एकच माणूस उरत होतं. सासू. बायजाबाई दिवसभर त्याच खोलीत भिंतीला टेकून तांदूळ निवडत असायच्या. नमिताने त्यांच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं होतं. पुढे पुढे तेवढंही नाही.

आत्ता त्या उठून जवळ आल्या.

"दमलीस. दे इकडं."

"नको. मी करते."

बायजाबाईंनी मोरीतून दुसरा मग आणला आणि पलीकडून बसल्या. दोघी पाणी काढून सोडत राहिल्या. बऱ्याच वेळाने बायजाबाई खाली बघतच म्हणाल्या, "लाइट आली की मी खांब गावाला शकूकडं जाऊन येते. तिचं कमरेचं हाड मोडलंय. सख्खी बहीण हाय माझी. येवढ्या बारीला सुजयला सांगू नको गो."

नमिताचा मग हातातच राहिला. "मी कुठे काय सांगते त्यांना?"

"मागल्या बारीला गेले तवा तू झोपलेली. तरी घरात आल्या आल्या तो मला विचारतो, पिशवी भरून काय नेलंस म्हणून."

"मी बघितलंपण नव्हतं तुम्हाला जाताना."

"मग कोन सांगतं?"

नमिता म्हणाली, "मला तर वाटायचं, माझं सगळं तुम्हीच सांगता."

"मी?" बायजाबाई म्हणाल्या. "माझ्याशी तो दोन शब्द बोलतो का? मी काय सांगनार त्याला?"

दोघींचे हात थांबले होते. मादी वर येऊन कल्ले जोरात हलवू लागली, तशी बायजाबाईंनी घाईने मग बुडवला. नमिता मात्र उठली. समोरच्या फळीशी जाऊन वाकली आणि कॅमेऱ्याला गाल लावून तिने बघितलं. टाकी दिसत होती. टाकीला लागून दार. दाराअलीकडे बायजाबाईंची बसायची जागा, आणि या अंगाला स्वयंपाकघराचा उंबरा. या सगळ्यात मासा शोधावा लागत होता; मोबाइलवर सुजयने तेवढाच भाग मोठा करून दाखवला होता.

"आई, इकडे या."

बायजाबाई तशाच वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"व्हय गो," त्या एवढंच म्हणाल्या. आणि मग, "आनि मी तुझ्याशी बोलायची थांबले."

"मीपण."

लाइट आली. बुडबुडे सुरू झाले. मादी खाली दगडाआड गेली, तोंड घट्ट मिटलेलं. फळीवर कॅमेऱ्याचा दिवा लागला. नमिताने सवयीने ओढणी सारखी केली आणि ती टाकीपुढे जाऊन बसली.

बायजाबाई आत गेल्या. लुगडं बदलून, पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि दार सताड उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"चल तूपन. शकूला बघू, मग तिथनं तू आबांकडं जा."

"मादीच्या तोंडात पिल्लं आहेत."

"तिची ती सांभाळंल. पंप चालू हाय."

नमिता जागची हलली नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुजय होता.

"लाइट गेली होती ना? मादी ठीक आहे?"

"ठीक आहे."

"मग आई पिशवी घेऊन दारात कशाला उभी आहे?" तो हसून म्हणाला.

नमिता उठली. पायात चपला घातल्या.

"त्या खांबला चालल्यात. मी त्यांच्याबरोबर जातेय, आणि तिथून जित्याला."

तो पुढे काय म्हणाला ते तिने ऐकलं नाही. फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

नाक्यावर रिक्षा मिळाली. गाव मागे पडल्यावर बायजाबाईंनी विचारलं, "तुझं आबा कसं हायत गो?"

नमिता सांगू लागली, ती खांब येईपर्यंत थांबलीच नाही.