राणीचा विसावा

पौषात गावचे लोक टेकडीवरच्या जत्रेला पायी निघत, तेव्हा पुढे चालून जुन्या गोष्टी सांगण्याचा मान माझा असे. अक्षर मला येत नव्हते, पण गोष्टी तोंडपाठ होत्या. शत्रूला चुकवत निघालेली गोंड राणी थकून जिथे बसली, तिथे मी सगळ्यांना थांबवायचो. तिच्या नावाने प्रत्येकाने एक दगड ठेवायचा, ही रीतही मीच पाडली होती.

छप्पन साली मी गावालगतच्या तलावाच्या पाळीवरच थांबलो. म्हणालो, "इथीच बसली राणी."

लोक दगड शोधू लागले. मासे विकणारी भागीरथाबाई मात्र हातात दगड घेऊन उभीच राहिली.

"काऊन भाऊ, आधी राणी टेकडीच्या पायथ्याशी बसे. मांगच्या साली मोहाच्या झाडाखाली बसली. दोन्हीकडं आपल्या दगडांचे ढीग हायेत. आता गाव सुटत नाई, तं बसून राह्यली?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडले, तर नुसती धापच बाहेर पडली. सगळे हसले. आता हा मान गेला, पुढच्या वर्षी दुसरा कोणी पुढे चालेल, हे मला कळून चुकले.

भागीरथाबाईने दगड माझ्या पायाशी ठेवला आणि शेजारी बसली.

"हासता काय रे? राणीचं वय झालं. पुढच्या साली तिच्यासाठी गाडी जुंपू."

तेव्हापासून माझ्या गोष्टीतली राणी बैलगाडीत बसूनच शत्रूपासून पळते.